मदत हवी आहे: मामाची जुनी गाडी लिटरला बाराच्या वर जाईना

कण्हेरी (९ नोव्हेंबर)

नमस्कार मंडळी,

गाडी २०११ ची, पुणे पासिंग. एक लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, साधे गियर, ९४ हजार किलोमीटर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मागे फ्रिजबद्दल विचारलं होतं, तेव्हा निम्मे प्रतिसाद 'हा ब्रँड घ्यायलाच नको होता' असेच आले होते.

गाडी मूळची माझ्या मामाची. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तीन महिने ती सोसायटीच्या आवारात उभी होती, आणि ऑगस्टमध्ये मी साताऱ्याला घेऊन आले. रोज शाळेसाठी सातारा-कोरेगाव, जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. ताशी पन्नास-साठच्या वर मी जात नाही, सकाळी एसी लागतच नाही. तरी ॲव्हरेज ११.८! अंदाजे सांगत नाहीये. एकाच पंपावर टाकी फुल करून तीनदा मोजलं: ११.६, १२.०, ११.८. मामा म्हणतो, "सतराच्या खाली कधी गेली नाही." मामा थापाड्या नाही, पण ही गाडी म्हणजे त्याचा तिसरा मुलगा. त्यामुळे किती धरायचं ते कळत नाही.

आतापर्यंत तीन प्लग, एअर फिल्टर, ऑइल बदललं, थ्रॉटल बॉडी साफ केली, टाकीत ओतायची एक बाटलीही ओतून झाली. चार हजार आठशे गेले, फरक शून्य. आता गॅरेजवाले म्हणतात ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजतो तो) बदलू, साडेआठ हजार. "फरक पडेलच असं नाही, पण बदलून बघू." हे 'बघू' माझ्या पैशांनी आहे म्हणून इथे आले.

पिकअप ठीक वाटतो, धूर नाही, इंजिनचा दिवा लागत नाही. गाडी तापत तर अजिबात नाही, तापमानाचा काटा 'सी'च्या ('कोल्ड'च्या) जरा वरच असतो, तेवढं एक सुख.

पुढच्या वर्षी पंधरा वर्षं पूर्ण होतात. आरटीओत नूतनीकरण करायचं की विकून मोकळं व्हायचं, तेही यावरच ठरेल. सेन्सर बदलू का?

रिकामटेकडा_सांगली

ताई, इथेनॉल. दुसरं काही नाही. ई२० (वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) आल्यापासून सगळ्यांच्या गाड्या पाणी पितात तसं पेट्रोल पितायत. सेन्सरबिन्सर काही बदलू नका.

तेलकट_हात

इथेनॉलचा वाटा आहे, पण हिशोब करू. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. वीस टक्के मिसळलं की मिश्रणात सहा-सात टक्के घट झाली. सतरा देणारी गाडी त्यामुळे सोळाच्या आसपास येईल. ११.८ म्हणजे तीस टक्के घट. उरलेले तेवीस-चोवीस टक्के कोण खातंय?

कण्हेरीताई, सेन्सर सध्या राहू द्या. आधी चार गोष्टी सांगा:

ॲव्हरेज एकदम पडलं की हळूहळू? मामांना तारीख आठवते का?
टायर मूळ मापाचेच आहेत का? बाजूला लिहिलेला आकडा आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा आकडा, दोन्ही लिहा.
गाडी गरम झाल्यावर, उभी असताना आरपीएम (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्या) किती?
शेवटची दोन पीयूसी सापडली तर त्यावरचा सीओचा (कार्बन मोनॉक्साइडच्या टक्क्यांचा) आकडा. तो कागद आपण काचेला लावण्यापुरता ठेवतो, पण त्यावर इंजिनची तब्येत लिहिलेली असते.

आणि तो काटा. 'सी'च्या जरा वर ही मला सुखाची गोष्ट वाटत नाही. त्यावर नंतर येतो.

बाळासाहेब_कराड

आमच्या वडिलांची ट्रिक. उतार आला की न्यूट्रल. सातारा-पुणे जाताना निदान अर्धा लिटर वाचतं.

तेलकट_हात

बाळासाहेब, ती ट्रिक कार्बोरेटरच्या जमान्यातली. इंजेक्शनच्या गाडीत गियरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल बंदच करतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल टाकलं तर इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं, म्हणजे उलट जास्त जातं. शिवाय इंजिनचा ब्रेक गेला. खंबाटकीच्या बोगद्यानंतरच्या वळणावर न्यूट्रलमध्ये उतरायचं म्हणजे वाचलेलं पेट्रोल कोणाच्या कामी येणार ते तुम्हीच बघा.

कण्हेरी (१० नोव्हेंबर)

तारखेचं विचारलंत आणि एक खजिनाच सापडला. मामाला फोन केला तर म्हणाला, "डॅशबोर्डच्या कप्प्यात वही आहे की." २०११ पासून भरलेलं प्रत्येक पेट्रोल! तारीख, किलोमीटर, लिटर, पुढे भागाकार करून ॲव्हरेज, आणि अधूनमधून शेरे. ('आज सौ.ला सिंहगड. घाटामुळे १४.९.')

थापाड्या नाही म्हटलं ते बरोबरच होतं. थोडक्यात:

२०१२ ते २०२० – १६.५ ते १७.५
२०२२ – १६ च्या आसपास
मे २०२३ – शेरा: 'कोल्हापूरहून येताना गाडी गरम, वाफ. गॅरेजात दोन दिवस. आता छान थंड चालते.'
जून २०२३ पासून – १३.६, १३.९, १३.४
नोव्हेंबर २०२३ – 'चार नवे टायर'
त्यानंतर – १३ ते १३.३
यंदा मे महिन्यानंतर नोंदी नाहीत, ऑपरेशन. ऑगस्टपासून माझे ११.८.

टायरवर १५५/८० आर१३ आहे, स्टिकरवर १४५/८० आर१३. आरपीएम अकराशेच्या आसपास. पीयूसी २०२२ ची सीओ ०.०५, यंदाची ०.२४. दोन्ही पास.

तेलकट_हात

मामांना माझा साष्टांग नमस्कार. अशी वही असेल तर स्कॅनरचं निम्मं काम तिथेच झालं. तीन वेगवेगळे चोर आहेत, तिघांच्या तारखा मामांनी लिहून ठेवल्यात.

पहिला, मे २०२३. गाडी गरम झाली, दुरुस्तीनंतर 'छान थंड' चालायला लागली आणि त्याच महिन्यात अडीच किलोमीटर गेले. माझा अंदाज: थर्मोस्टॅट काढून फेकलाय. आपल्याकडे ही फार जुनी खोड. थर्मोस्टॅट म्हणजे मेण भरलेली छोटी झडप, ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या पुढे उघडते. तोवर पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणून इंजिन पटकन तापतं. ती काढली की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि कोरेगाव रस्त्याच्या मोकळ्या वाऱ्यात इंजिन कधी पुरतं तापतच नाही. गाडीतल्या संगणकाला वाटतं, अजून सकाळच आहे. तो थंड इंजिनाला देतात तसं जास्त पेट्रोल देत राहतो, आरपीएमही चढा ठेवतो. तुमचे अकराशे आणि ०.२४ याच्याशी जुळतात. बीएस४ (प्रदूषणाच्या त्या मानकाच्या) गाडीला सीओची मर्यादा ०.३ टक्के आहे, म्हणून पास. पण ०.०५ वरून पाचपट झालंय, आणि तो धुरातून जाणारा तुमचा पैसा आहे. बिचाऱ्या ऑक्सिजन सेन्सरचा यात काही दोष दिसत नाही.

दुसरा, टायर. ही निम्मी चोरी, निम्मा भास. १५५ च्या टायरचा व्यास ५७८ मिलिमीटर, १४५ चा ५६२. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, पण मीटर फेऱ्याच मोजतो. मीटरवर १०० दिसले तर गाडी खरी जवळजवळ १०३ चाललेली असते. तुमचे ११.८ खरे १२.१ आहेत, आनंद माना.

तिसरा, यंदाचे तीन महिने. पावसाळ्यात उभी, आणि मी पैज लावतो, हँडब्रेक ओढून. मागचे ब्रेक शू ड्रमला धरलेत किंवा केबल गंजून परत येत नाही. सपाट जागी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडून, ढकलून बघा. एवढीशी गाडी एका माणसाने सहज हलायला हवी. दुसरी परीक्षा: दहा किलोमीटर चालवून या, शेवटी ब्रेक शक्य तितका कमी वापरा, आणि चारही रिमवर पाण्याचे थेंब शिंपडा. हात लावू नका.

कण्हेरी (११ नोव्हेंबर)

मागच्या डाव्या चाकावर थेंब चर्र वाजला! बाकी तिघं गप्प. ढकलायला मी आणि शाळेचे शिपाईकाका, दोघं लागलो. हँडब्रेक ओढूनच उभी होती. मामा म्हणतो, "मग काय, सोडून ठेवायची?"

गियरबॉक्स_नाशिक

एक भर. ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा) ऑनलाइन हजाराच्या आत मिळतो, २०११ च्या बीएस४ गाड्यांशी बहुतेकदा जुळतो. स्टिअरिंगखाली लावा, मोबाइलवर कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान बघा. वीस मिनिटांनंतरही साठ-पासष्टच दिसलं तर थर्मोस्टॅट नाही, किंवा उघडाच अडकलाय. गॅरेजवाल्याशी वाद घालायला आकडा बरा पडतो, विशेषतः बाईमाणूस असलं की. (माझ्या बहिणीचा अनुभव. त्या दिवसापासून ती स्कॅनर पर्समध्ये ठेवते.)

तेलकट_हात

महत्त्वाचं राहिलं. थर्मोस्टॅट परत बसवण्याआधी रेडिएटरचा फॅन लागतो का ते तपासून घ्याच. मे २०२३ ला गाडी का तापली होती, हे कोणी शोधलेलं दिसत नाही, झडप काढून लक्षण तेवढं दाबलं. फॅन बंद असेल किंवा रेडिएटर आतून चोंदला असेल तर नवा थर्मोस्टॅट टाकल्यावर पहिल्याच घाटात वाफ येईल, आणि मग हेड गॅस्केटच्या (इंजिनच्या वरच्या भागाखालच्या सीलच्या) खर्चात पेट्रोलची बचत वाहून जाईल. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कोणी कितीही घाई केली तरी उघडू देऊ नका.

रिकामटेकडा_सांगली

मी इथेनॉलवर ठाम आहे. पण वाचतोय.

कण्हेरी (७ डिसेंबर)

उशिराबद्दल माफी, सहामाहीचे पेपर आणि मग एक लग्न.

स्कॅनर मागवला. कोरेगावला पोचताना कूलंट ६१. आकडा दाखवल्यावर गॅरेजमधले दादा क्षणभर गप्प बसले, मग म्हणाले, "मॅडम, उघडून बघतो." थर्मोस्टॅट बसतो त्या हाउसिंगच्या आत तो नव्हताच. रिकामी जागा, बाकी सगळं नीट बंद केलेलं. फॅनचंही तेलकट_हात म्हणाले तसंच निघालं: मोटरचे ब्रश संपले होते, फॅन फिरतच नव्हता. म्हणजे अडीच वर्षं गाडी झडपेशिवाय आणि फॅनशिवाय, नुसत्या वाऱ्यावर चालली. मामा पुण्यातल्या गर्दीत फारसा जायचा नाही म्हणून निभावलं.

टप्प्याटप्प्याने केलं, म्हणजे कशाने किती फरक पडला ते कळावं:

आधी फक्त मागचे ब्रेक. ड्रम उघडून साफ केले, डावीकडची केबल बदलली. १,६५० रुपये. पुढची टाकी १३.३.
मग फॅनची मोटर, थर्मोस्टॅट, नवं कूलंट. ३,९०० रुपये. पुढच्या दोन टाक्या १५.२ आणि १५.४.

टायरचे तीन टक्के धरले तर खरं ॲव्हरेज पावणेसोळाच्या घरात. काटा आता मध्यावर असतो. पहिले दोन दिवस त्याच्याकडे बघून माझाच श्वास अडकायचा, पण स्कॅनर ८८-९० च्या पुढे जात नाही. आरपीएम आठशे पन्नास. पीयूसी मुद्दाम पुन्हा काढली, सीओ ०.०४. पीयूसीवाल्याने विचारलं, "जुनी अजून चालू आहे की, मग कशाला?"

सेन्सर बदलला नाही. सतरा आणि पावणेसोळा यांतला फरक, सांगलीकर, तुमच्या इथेनॉलच्या नावे लिहिला आहे. टायर झिजले की १४५ च घेईन, तोवर हेच.

गाडी विकत नाहीये. मामाच्या वहीत माझ्या अक्षरात सहा ओळी झाल्यात, दर टाकीला त्याचा फोन येतो.

एकच शंका उरली. घरापुढचा रस्ता उताराचा आहे, हँडब्रेक न लावता गाडी ठेवायची कशी?

रिकामटेकडा_सांगली

सहा-सात टक्के मान्य. वाचनखूण साठवली.

तेलकट_हात

रोज चालणाऱ्या गाडीला हँडब्रेक लावाच, रात्रीत काही चिकटत नाही. आठवड्याच्या वर उभी राहणार असेल, त्यातून पावसात, तर शक्यतो सपाट जागी लावा, पहिला गियर टाका, चाकाला दोन्ही बाजूंनी विटा द्या आणि हँडब्रेक सोडून ठेवा. विटेची आठवण म्हणून किल्लीला काहीतरी बांधा. मी स्वतः एकदा वीट विसरून गाडी काढली होती.