डिकीत सामानासाठी लाकडी पेटी: १२ एमएम प्लाय की १८?

डोंगरवेडा:
मंडळी सल्ला हवाय. ट्रेकचं सामान म्हणजे दोर, तंबू, शेगडी, बूट वगैरे डिकीत तीन सॅकमधे कोंबलेलं असतं आणि हवी ती वस्तू नेमकी तळाशी जाऊन बसते. मागची सीट आम्ही वापरतच नाही, म्हणून ती काढून तिथपासून मागच्या दारापर्यंत लाकडी पेटी करायचं डोक्यात आहे, खाली दोन ड्रॉवर आणि वरून सपाट, म्हणजे रात्री पाठ टेकता येईल. सुतार म्हणतो १८ एमएमच घ्या नाहीतर मधे झोळ पडेल, मला वजनाची धास्ती आहे. आणि गाडीला भोकं न पाडता पेटी पक्की बसते का?

रंधा_करवत:
सुतार घरातल्या पलंगाच्या हिशोबाने बोलतोय, त्याचंही चूक नाही. पण १८ ची आठ बाय चारची शीट साधारण ३३-३४ किलो भरते आणि १२ ची २२-२३. दोन शीट धरल्या तर वीसेक किलोचा फरक, तोही कायमचा. १२ ची फळी १८ पेक्षा जवळपास साडेतीन पट जास्त वाकते हे खरंय, पण मधे एक उभी फळी देऊन आधारांमधलं अंतर अर्धं केलंत की तेच वाकणं आठ पटीने कमी होतं. म्हणजे जाडी नका वाढवू, आधार वाढवा. प्लाय मरीन म्हणजे पाण्याला टिकणारा घ्या, एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) नादी लागू नका, ओल्या दोराने तो फुगतो आणि एकदा फुगला की स्क्रू धरत नाही. प्लायच्या कडेत थेट स्क्रू मारलात तर थर उकलतात, त्यापेक्षा आतल्या कोपऱ्यात चौकोनी पट्टी लावा आणि आधी बारीक ड्रिल मारून मग फेव्हिकॉल आणि स्क्रू दोन्ही. पाणी प्लाय कडेनेच पितो, म्हणून पॉलिशचे निदान दोन हात कडांना जास्त द्या.

भोकं पाडायची गरज नाही. सीट काढली की तिच्या बोल्टांचे आटे तसेच मोकळे राहतात, तिथे जाड लोखंडी एल पट्टी कसा, बोल्ट त्याच मापाचे आणि त्याच ताकदीचे. हे मनावर घ्या हं. ताशी ५० किमीला गाडी आदळून अर्ध्या मीटरमधे थांबली तर पेटीवर तिच्या वजनाच्या वीसेक पट जोर येतो, ६० किलोची भरलेली पेटी १२०० किलोसारखी पुढे धावते आणि पुढे तुम्ही बसलेले. नुसता पट्टा बांधून भागणार नाही.

खडखडाट:
वरचं सगळं पटलं, फक्त ड्रॉवरबद्दल माझं रडगाणं ऐका. मी हौसेने टेलिस्कोपिक चॅनेल, म्हणजे ड्रॉवर सरकवायच्या छर्ऱ्यांच्या लोखंडी पट्ट्या लावल्या, घरात ड्रॉवर काय मस्त सरकायचे! पहिल्याच कच्च्या रस्त्यावर छर्ऱ्यांमधे धूळ गेली आणि करकर सुरू. त्यात लॉक नव्हतं. चढावर गाडी लावून मागचं दार उघडलं तर ड्रॉवर आपणहून बाहेर आला तो थेट नडगीवर, आठवडाभर लंगडत होते. आता चॅनेल काढून टाकलेत, ड्रॉवर नुसता फळीवर सरकतो, खाली मेणबत्ती घासलीये आणि तोंडाशी साधी कडी. जरा ओढावा लागतो, पण आवाज नाही. जिथे लाकडाला लाकूड लागतं तिथे जाडसर फेल्ट चिकटवा, नाहीतर माझ्यासारखं नाव बदलावं लागेल 😄

जुना_ड्रायव्हर:
एकच विचारतो, स्टेपनी कुठे आहे? डिकीच्या जमिनीखाली असेल तर भर पावसात पंक्चर झाल्यावर अख्खी पेटी रिकामी करून उचलावी लागते. मी केलंय, दोनदा. दुसऱ्यांदा घरी येऊन आधी तळात झाकण कापलं. जॅक आणि पाना तर पेटीच्या बाहेरच ठेवा. बाकी जड सामान खाली आणि पुढच्या सीटकडे, हलकं मागे. शेगडीचं गॅसचं कॅनिस्टर मात्र उन्हातल्या बंद गाडीत ठेवून जाऊ नका, मग पेटी कितीही भारी असो.

रंधा_करवत:
@खडखडाट ताई, लॉकवाले चॅनेल मिळतात हो, पण धुळीचं तुमचं बरोबर. मेणबत्तीला माझंही मत. @डोंगरवेडा, माप घेताना नुसता टेप नको. चाकांवरच्या फुगवट्यांना पुठ्ठा लावून आकार कापून घ्या, तिथे सरळ रेघ औषधालाही नसते. आणि दाराचं तोंड मोजा, आतली रुंदी नव्हे!

डोंगरवेडा:
काल संध्याकाळी पुठ्ठा घेऊन गाडीत शिरलो. बरं झालं विचारलं, आतून फुगवट्यांमधे १०२ सेंमी आणि दाराचं तोंड खालच्या बाजूला फक्त ९६! मी १०० ची पेटी करून घेतली असती आणि ती अंगणातच राहिली असती. आता ५०-५० च्या दोन वेगळ्या पेट्या, एकेक आत सरकवायची आणि मग बोल्टने एकमेकींना जोडायची, त्यामुळे मधला आधार आपोआप मिळाला. स्टेपनी आमची गाडीच्या पोटाखाली लटकते, तेवढं नशीब. सुताराला पुठ्ठा दाखवला तर आधी मान हलवली, मग माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि १२ एमएमचाच हिशोब मांडून दिला. कडी लावायची का फिरकी, त्यावर मात्र अजून भांडतोय.