तुमचा ‘परवा’ किती वर्षांचा आहे?

मागच्या महिन्यात घरातला एक पंखा बंद पडला. दुरुस्तीसाठी आलेल्या गृहस्थांना मी काहीशा तक्रारीच्या सुरात सांगितले की, हा पंखा आम्ही परवाच तर घेतला आहे. त्यांनी पंखा खाली उतरवला, त्याच्या आतल्या पट्टीवरचे साल वाचले आणि एक शब्दही न बोलता ती पट्टी माझ्यापुढे धरली. तिच्यावर 2009 असे छापलेले होते.

माझे वय 57 आहे. त्या दिवसापासून मी स्वतःच्या तोंडी येणाऱ्या ‘परवा’ या शब्दावर पाळत ठेवली, तेव्हा असे आढळले की, शेजारचे कुटुंब घर सोडून गेले तो माझा ‘परवा’ सात वर्षांपूर्वीचा आहे, आणि ज्या सहकाऱ्याला मी अजून ‘नवा मुलगा’ म्हणते त्याला कार्यालयात येऊन बारा वर्षे झाली आहेत. आपल्या भाषेत हा शब्द मागच्या दिवसालाही चालतो आणि पुढच्या दिवसालाही. माझा मागचा परवा लांबत चालला आहे आणि पुढचा मात्र आखडत चालला आहे. दोन महिन्यांनी भरायचा हप्ता ‘परवावर आला’ असे मी परवाच म्हणाले.

आपापले अनुभव सविस्तर लिहावेत, अशी सर्वांना विनंती आहे. वर्षे भराभर जातात असे आपल्याला पहिल्यांदा केव्हा आणि कशावरून जाणवले? ज्यांना तसे मुळीच वाटत नाही, त्यांनी तर अवश्य लिहावे. ‘काळ कोणासाठी थांबत नाही’ हे वाक्य आपणा सर्वांना पाठ आहे, तेव्हा ते तेवढे वगळावे.

निवृत्त शिक्षक, वय 61

मी 1990 साली नोकरीला लागलो आणि जवळजवळ सगळा काळ पाचवीच्याच वर्गाला शिकवले. दरवर्षी जूनमध्ये दहा वर्षांची मुले समोर येऊन बसत आणि पुढच्या वर्षी तितक्याच वयाची, तितकीच बोलकी, बहुधा तीच कारणे सांगून गृहपाठ टाळणारी दुसरी मुले त्यांच्या जागी येत. ज्याच्यासमोर सतत दहा वर्षांचीच माणसे असतात, त्याला स्वतःचे वय मोजायला काही साधन उरत नाही. हजेरीपटातला जन्मतारखेचा रकाना हे माझे एकमेव साधन होते आणि तो मी यंत्रवत भरत असे. सन 2000 मध्ये तो भरताना माझा हात थांबला, कारण त्या रकान्यात पहिल्यांदाच 1990 हे साल आले होते. मी पहिला तास घेतला त्या वर्षी जन्मलेले मूल आता माझ्यासमोर बसून भागाकार करत होते. तोपर्यंत मी स्वतःला ‘नवीन शिक्षक’ समजत होतो, आणि हे मी शिक्षक-खोलीत बोलून दाखवले तेव्हा माझ्यापेक्षा ज्येष्ठ असलेले सहकारी बराच वेळ हसले. पुढे पहिल्या तुकडीतले विद्यार्थी पालक म्हणून येऊ लागले, त्याचे मात्र मला विशेष काही वाटले नाही. मुख्य धक्का रकान्यानेच दिला होता.

मुद्रितशोधक, वय 52

माझी उपजीविका अनुस्वारांवर चालते. सुटलेला अनुस्वार, चुकलेली वेलांटी, तुटलेले जोडाक्षर हे इतरांना दिसत नाही आणि मला दिसते, एवढ्याचेच मला पैसे मिळतात. आठ वर्षांपूर्वी, म्हणजे 44व्या वर्षी, आरोग्यविषयक एका पुस्तकाची मुद्रिते मी नेहमीप्रमाणे दोनदा वाचून परत पाठवली आणि छापून आलेल्या पुस्तकात वार्धक्यावरच्या प्रकरणाची सुरुवातच ‘वृद्धापकाळाची चिता करू नये’ अशी झाली. प्रकाशकांनी सभ्यपणे फोन केला. मी आधी टेबलावरचा दिवा बदलला, मग शाईला दोष दिला, त्यानंतर काही दिवस कागद हातभर लांब धरून वाचत राहिले, आणि हात पुरेनासा झाला तेव्हा नाइलाजाने नेत्रतज्ज्ञांकडे गेले.

त्यांनी जे समजावून सांगितले त्याने माझी एक जुनी समजूत मोडली. डोळ्यातले भिंग लवचिक असते आणि जवळचे पाहताना ते फुगते. वयानुसार ते कडक होत जाते आणि फुगेनासे होते. पण हे कडक होणे लहानपणापासूनच चालू असते. दहा वर्षांच्या मुलाला डोळ्यांपासून सात-आठ सेंटिमीटरांवरचे अक्षरही स्पष्ट दिसू शकते, मग हे अंतर वर्षावर्षाने वाढत जाते आणि पंचेचाळिशीच्या आसपास आपण जिथे पुस्तक धरतो त्या जागेच्याही पलीकडे सरकते, तेव्हा आपण ‘चाळिशी लागली’ असे म्हणतो. म्हणजे जी गोष्ट मला एका पुस्तकासरशी अचानक घडल्यासारखी वाटली, ती चौतीस-पस्तीस वर्षे रोज थोडीथोडी घडत होती आणि मला तिची गरज पडेपर्यंत मी तिच्याकडे पाहिले नव्हते. वर्षे भराभर जातात असे जे आपण म्हणतो, त्यातला बराचसा भाग असा उशिरा पाहण्याचा असावा, असे मला वाटते. ती चूक दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त झाली. पहिल्या आवृत्तीची एक प्रत मी चश्म्याच्या घराशेजारीच ठेवली आहे.

वय 27

हा विषय माझ्या वयाच्या माणसांसाठी नाही हे मला ठाऊक आहे आणि घरी हे बोलल्यावर ‘तुझे वय ते काय’ हे उत्तर मला मिळालेलेही आहे. तरीही लिहितो. 2020 साली महाविद्यालय बंद झाले तेव्हा मी 22 वर्षांचा होतो. पुढची दोन वर्षे एकाच खोलीत, एकाच खुर्चीवर, एकाच पडद्यासमोर गेली आणि नोकरीही त्याच खुर्चीवर बसून सुरू झाली. कोणती परीक्षा आधी झाली आणि कोणती नंतर, हे मला आता गुणपत्रिका पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. मनाने मी अजून 24-25चा आहे. ही दोन-तीन वर्षांची थकबाकी कोणाकडे मागावी, हे कळत नाही.

हिशेबनीस म्हणून निवृत्त, वय 66

वरील तरुणाने आपला अनुभव लिहिला हे फार चांगले झाले, कारण त्यामुळे या विषयातला एक लोकप्रिय हिशेब तपासून पाहता येतो. हा हिशेब असा की, पाच वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे त्याच्या आयुष्याचा 20 टक्के भाग असतो आणि पन्नास वर्षांच्या माणसाला तेच वर्ष 2 टक्के असते, म्हणून ते छोटे वाटते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1890 साली फ्रेंच तत्त्वज्ञ पॉल जाने यांच्या नावे हा विचार नोंदवला होता. आयुष्यभर टक्केवारीत गेल्यामुळे मला तो प्रथम अत्यंत पटला. पण तो खरा धरला, तर प्रत्येक वर्ष आधीच्या वर्षापेक्षा किंचित लहान वाटायला हवे आणि त्यात कधीही अपवाद पडता कामा नये.

माझ्या बाबतीत अपवाद पडला. 53व्या वर्षी माझी बदली अशा शहरात झाली जिथली भाषा मला येत नव्हती, आणि तिथले अकरा महिने माझ्या आठवणीत त्याआधीच्या नऊ वर्षांपेक्षा अधिक जागा व्यापतात. त्या अकरा महिन्यांतला घरमालकाचा आवाज, चुकीच्या बसमध्ये बसून गेलेली संध्याकाळ, कार्यालयातल्या शिपायाने मला शिकवलेले पहिले वाक्य हे सगळे मी क्रमाने सांगू शकतो. आधीच्या नऊ वर्षांतून मला ताळेबंद आठवतात, तेही एकमेकांत मिसळलेले.

मिशेल सिफ्र या फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञांचा प्रयोगही मला इथे महत्त्वाचा वाटतो. 1962 साली ते आल्प्स पर्वतातल्या एका गुहेत घड्याळ आणि सूर्यप्रकाश यांच्याशिवाय सुमारे दोन महिने राहिले. 14 सप्टेंबरला त्यांना बाहेर काढले गेले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या मोजणीप्रमाणे 20 ऑगस्टच होता. हिशेबात पंचवीस दिवसांची तूट आली, आणि त्या वेळी ते अवघे 23 वर्षांचे होते, म्हणजे तुटीचा दोष वयाकडे जात नाही. एकासारखा एक दिवस आला की मन ते सगळे एकाच नोंदीत टाकते. आपल्यापैकी पुष्कळांचे पन्नाशीनंतरचे जीवन उजेड असलेल्या गुहेसारखे असते.

याच्याशी जुळणारी आणखी एक गोष्ट आहे. मार्क विटमन आणि सांड्रा लेनहोफ यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 14 ते 94 वर्षे वयाच्या सुमारे 500 लोकांना काळाच्या वेगाविषयी विचारले होते. आठवडा किंवा महिना किती वेगाने गेला, याच्या उत्तरात वयानुसार फारसा फरक पडला नाही. ‘गेली दहा वर्षे कशी गेली’ या प्रश्नाला मात्र वय वाढले तशी ‘भराभर गेली’ असे सांगणाऱ्यांची उत्तरे वाढली. दिवस आपल्या चालीनेच जात असतात. मागे वळून बेरीज करताना मात्र ती कमी भरते.

वय 48

येथे बहुतेकांची वर्षे पळाली आहेत. माझी दोन वर्षे जागची हलली नव्हती.

आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी 41 वर्षांची होते. तिची डावी बाजू आणि वाचा गेली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागे, रात्रीसुद्धा, आणि त्यासाठी मी गजर लावत असे. औषधे, तापमान, पाणी, लघवी, कूस, या सर्वांची वेळ मी एका वहीत लिहीत होते. एक दुपार इतकी लांब असे की, ती संपेपर्यंत मी किती वेळा घड्याळ पाहिले याची मला लाज वाटे. एकदा, अनेक महिन्यांनंतर, आई अगदी स्वच्छ म्हणाली, ‘किती वाजले?’ मी सव्वातीन म्हणून सांगितले. ती म्हणाली, ‘अजून?’ त्यानंतर ती पुन्हा काही बोलली नाही. त्या एका शब्दामुळे मला कळले की, त्या खोलीतली दुपार माझ्यापेक्षा तिला किती तरी अधिक लांब होती.

ती गेल्यावर वर्षभराने मी वह्या उघडल्या. सात वह्या भरल्या होत्या, त्यातली पाने एकसारखी होती आणि मला त्यातले फार तर तीन-चार दिवस वेगळे ओळखता आले. जी दोन वर्षे संपता संपत नव्हती, ती आठवणीत आता एका दुपारीएवढी उरली आहेत. वरील हिशेबनीस काकांचे म्हणणे त्यामुळे मला पटते, पण ती दुपार कोणती हे मला विचाराल, तर ती सव्वातीनचीच आहे.

वय 74

यात गूढ असे काहीच नाही. सकाळची आवराआवर मी पूर्वी चाळीस मिनिटांत करत असे, आता तिला दोन तास लागतात. शर्टाची बटणे लावणे हे आता स्वतंत्र काम झाले आहे. काळाचा वेग तोच आहे आणि माझा उतरला आहे, त्यामुळे दिवस आखूड पडतो.

वय 50

1986 साली हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. पहाटे साडेचारला वडिलांनी मला उठवले, गच्चीवर नेले आणि दुर्बिणीतून एक पुसट धब्बा दाखवला. मी चित्रांतली लांबलचक शेपटी मनात धरून वर गेलो होतो, त्यामुळे मला रडू फुटले. वडिलांनी समजूत घातली की, तो पुन्हा 2061 साली येईल आणि तेव्हा अधिक चांगला दिसेल. मी बोटांवर हिशेब केला आणि स्वतःचे वय 86 निघालेले पाहून रडणे थांबवून हसू लागलो, कारण माझे वय 86 होईल ही कल्पनाच मला विनोदी वाटली. वडिलांचे वय मात्र मी मोजले नाही. ते त्यांनी नक्कीच मोजले असणार.

पुढची वर्षे इतरांसारखीच गेली, त्यांबद्दल लिहिण्याजोगे फारसे नाही. डिसेंबर 2023 मध्ये माझ्या वाचनात आले की, हा धूमकेतू नेपच्यूनच्या कक्षेपलीकडे आपल्या मार्गाच्या सर्वांत दूरच्या टोकाला पोहोचून 9 तारखेला मागे वळला. इतकी वर्षे तो आपल्यापासून दूर जात होता आणि मी अजून त्या गच्चीवरच उभा असल्यासारखा होतो. मी वडिलांना फोन करून ही बातमी सांगितली. तेव्हा ते 73 वर्षांचे होते. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, ‘म्हणजे आता तो इकडे यायला निघाला म्हणायचा.’

वय 86 (आजीने सांगितले, नातीने लिहून घेतले)

माझा ‘परवा’ 1957चा आहे. अठराव्या वर्षी मी दूरध्वनी केंद्रात चालक म्हणून लागले. समोर छिद्रांचा मोठा फळा असे, दिवा लागला की त्या छिद्रात दोरी खोचायची, नंबर विचारायचा आणि दुसरी दोरी त्या नंबराला जोडायची. पहिल्या तीन महिन्यांतली माणसे मला अजून आवाजाने आठवतात. एक गृहस्थ रोज एकच नंबर मागत आणि पलीकडून कोणी फोन उचलला की काहीही न बोलता ठेवून देत. नंतर मी तीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केली, यंत्रे बदलली, मला बढती मिळाली, पण त्या वर्षांतले मला विचारू नका, सगळे एकात एक मिसळले आहे.

आता दिवस जात नाही आणि वर्ष जाते, हे खरे आहे. मला त्याचा त्रास होत नाही. ऐकू कमी येते, त्यातही बारीक आवाज आधी गेले, म्हणून लहान पणतीचे बोलणे मला कळत नाही आणि तिच्या बापाचे कळते. परंतु फोन वाजला की मी आजही तो उचलून ‘नंबर प्लीज’ म्हणते, आणि ही मुलगी हसते. ती आत्ताही, हे लिहिताना, हसत आहे.