मदत हवी आहे: मोबाईलवर व्हिडीओ एडिटिंगसाठी कुठलं ॲप घेऊ?

नमस्कार मंडळी, आम्ही तासगावकडचे, घरची द्राक्षबाग आहे. आण्णा ऑक्टोबर छाटणीत काडी (वेलीची फांदी) कुठल्या डोळ्यावर (जिथनं नवा फुटवा येतो तिथं) कापायची ते लई भारी समजावून सांगतात, ते मी मोबाईलवर शूट करतोय, नव्या पोरांना खरंच उपयोगी पडंल असं आहे म्हणून नीट एडिट करून टाकायचंय. लॅपटॉप नाही, फोन ४ जीबी रॅमचा, स्टोरेज सारखं फुल्ल होतंय.

काईनमास्टर बघितलं, लेयर चांगले आहेत पण फ्रीमध्ये वॉटरमार्क येतो. व्हीएनला वॉटरमार्क नाही, मग तेच घेऊ का? इनशॉट सोपं वाटलं, पण १०-१५ मिनिटांच्या व्हिडीओला चालतं का?

मेन अडचण मराठी अक्षरांची, एका ॲपात जोडाक्षरं फुटतात, 'द्राक्ष' लिहिलं की 'द्' वेगळा आणि 'रा' वेगळा. बाहेरचा युनिकोड फॉन्ट टाकता येईल असं ॲप पाहिजे. दुसरं म्हणजे बागेत वाऱ्याचा आवाज फार येतो, तो ॲपमध्येच कमी होतो का कॉलर माईक घ्यावाच लागंल?

यूट्यूबला आडवा आणि रीलला उभा, दोन्ही एकाच शूटमधनं काढायचेत. कोण वापरत असंल तर सांगा, महिन्याला पैसे भरायचं ॲप शक्यतो नको.