आरशासमोरची नायिका

बेक्डेल चाचणी लावली की स्त्रीपात्रं सुधारतात, हे काही पटलं नाही. १९८५ सालच्या एका कॉमिक स्ट्रिपमधला हा निकष: किमान दोन बायका, एकमेकींशी बोलणाऱ्या, आणि विषय पुरुष सोडून दुसरा. त्यातून मोजदाद होते; पात्र जिवंत आहे का, ते कळत नाही.

खरा घोळ दृष्टिकोनात असतो. निवेदन नायिकेच्या डोक्यातून चाललेलं असतं आणि मध्येच वाक्य येतं, 'ती जिना उतरली तशी तिची नाजूक कंबर लचकली.' हे बघतंय कोण? जिना उतरताना तिला खांद्यात रुतणारा पर्सचा पट्टा जाणवेल, किल्ली कुठल्या कप्प्यात टाकली ते आठवत नसेल. इथे विशेषण बदलून भागत नाही, अख्खं वाक्य काढावं लागतं. दुसऱ्या खर्ड्यात तिच्या शरीराचं वर्णन येईल तिथे समासात लिहा: हे कोणाला दिसतंय? उत्तर 'लेखकाला' आलं की खोडा.

त्यागमूर्ती आणि हल्लीची 'कणखर' नायिका, दोघींचं दुखणं एकच (दोघी कधी चुकतच नाहीत). तिला एक चुकीचा निर्णय घेऊ द्या, तोही प्रेमाखातर नको. हेव्यातून, हिशेब चुकल्यामुळे किंवा निव्वळ आळसाने.