मदत हवी आहे: ड्राफ्टमध्ये वरचा नंबर, मग खेळ का फसतो?

मंडळी, एनबीए (अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग) नियमित बघणाऱ्यांकडून थोडं समजून घ्यायचंय. ड्राफ्ट म्हणजे संघ एकामागोमाग एक नवे खेळाडू निवडतात ती प्रक्रिया. ग्रेग ओडनचं कोडं नाही. २००७ च्या ड्राफ्टमध्ये तो पहिला, पुढे मोठा स्टार झालेला केव्हिन ड्युरांट दुसरा. पण ओडनच्या गुडघ्यांनीच घात केला, पोर्टलँडकडून जेमतेम ८२ सामने. वाईट वाटतं, पण कारण दिसतं.

मला छळतोय तो अँथनी बेनेट. २०१३ मध्ये क्लीव्हलँडने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि पहिल्या मोसमात त्याची सरासरी आली ४.२ गुण! त्याच ड्राफ्टमध्ये पुढे मोठा स्टार झालेला यानिस अँटेटोकुंपो पंधरावा होता. बेनेटच्या खांद्याची शस्त्रक्रिया ड्राफ्टच्या तोंडावर झालेली, त्यामुळे उन्हाळ्याचा सराव बुडाला. उंची सहा फूट आठ इंच, म्हणजे स्मॉल फॉरवर्डसाठी (चपळाईची जागा) पाय जड आणि पॉवर फॉरवर्डसाठी (बास्केटजवळ ताकदीने खेळायची जागा) अंगाने कमी. एका वर्षात त्याला मिनेसोटाला पाठवून दिलं. मला तरी ही घाई अन्यायाची वाटते.

डार्को मिलिचिचचंही तसंच. २००३ मध्ये दुसरा, पण डेट्रॉइटसारख्या जेतेपदाच्या संघात बाकावरच बसला.

कॉलेजचे सामने बघणाऱ्यांनी कृपया सांगा: बेनेटच्या खेळात धोक्याची खूण आधीच दिसत होती का? आणि निवड करताना संघ नेमकं काय बघायला चुकतात?