देवनारच्या लोकसंख्या संस्थेला किती मार्क द्याल?

पन्हाळकर आण्णा
मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, 1956 पासूनची, केंद्राच्या पैशावर चालणारी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तिच्याकडंच. माझा निकष एकच : जिल्ह्याला उपयोग किती? 2001 ला कोल्हापुरात 0 ते 6 वयोगटात हजार मुलग्यांमागं 839 मुली, हे जनगणनेनं दाखवलं. सोनोग्राफी मशीनला सायलेंट ऑब्झर्व्हर, म्हणजे गर्भलिंग तपासणीवर नजर ठेवायला प्रत्येक तपासणीची नोंद करणारं यंत्र, बसवलं ते इथल्या प्रशासनानं. मग संस्थेला मार्क कशाचे?

फिल्डवाली
आण्णा, जनगणना डोकी मोजते. बाळंतपण कुठं झालं, नवऱ्यानं हात उचलला का, हे ती विचारत नाही. आणि 2021 ची जनगणना वेळेत झालीच नाही. तेव्हा संस्थेच्या 2019-21 च्या सर्वेक्षणाशिवाय हातात होतं काय?

पन्हाळकर आण्णा
जिल्ह्यामागं सरासरी नऊशे घरं! 38 लाखांचा जिल्हा नऊशे घरांत मावतोय होय?

आकडेमोड
मावतो की. शितावरून भाताची परीक्षा होते, फक्त भात नीट ढवळलेला हवा. रक्तक्षयासाठी नऊशे घरं चालतात. मुलींच्या जन्माचं मात्र आण्णांचं खरं. तेवढ्या घरांत पाच वर्षांत फार तर तीनशे बाळं. मग हजारामागं शे-दोनशेचा फरक नुसत्या योगायोगानंही पडतो. तरी सर्वेक्षणाचे आकडे देणाऱ्या जिल्ह्याच्या पत्रकातला तोच आकडा उचलून बातम्या होतात. आकडा योगायोगानं किती खालीवर होऊ शकतो, ते संस्थेनं त्याच पानावर ठळक छापावं. इथं मार्क कापा.

फिल्डवाली
मी अशा कामावर फिरलेय. घरोघरी जातात ते एजन्सीचे लोक. संस्था प्रशिक्षण देते, देखरेख ठेवते. सून माजघरात, सासूबाई सोप्यातून हलायला तयार नाहीत. मारहाणीचे प्रश्न एकांत नसेल तर सोडायचे, असा नियमच आहे. म्हणजे जिथं बाईला एकटं बोलू देत नाहीत, नेमकं तेच घर त्या आकड्यातून गळतं. नऊशे पुरे की नाही, हा वाद मला त्यापुढं किरकोळ वाटतो.

रंकाळा कट्टा
मुद्द्याचं कुणी बोलेना. सर्वेक्षणात देशातल्या महिलांमधला रक्तक्षय 53 वरून 57 टक्क्यांवर गेला. पुढच्या सर्वेक्षणातून रक्तचाचणीच वगळली. 2023 ला मंत्रालयानं संचालकांना निलंबित केलं, कारण सांगितलं भरतीतल्या गैरप्रकारांचं. स्वायत्तता नसलेल्या संस्थेला कसले मार्क?

आकडेमोड
रक्तचाचणी आणि निलंबन, दोन्हीची मोट बांधू नका, राव. सर्वेक्षणात घ्यायचे त्या बोटातल्या थेंबापेक्षा शिरेतल्या रक्ताची तपासणी जास्त भरवशाची, हा आक्षेप शास्त्रीय आहे.

रंकाळा कट्टा
असेल. पण तो आकडा वाढल्यावरच का आठवला?

पन्हाळकर आण्णा
ते दिल्लीला विचारा. मी उद्या जिल्हा परिषदेत विचारतो, आपल्या जिल्ह्याचं पत्रक कुणी उघडलंय का.