पेंढा भरलेली गावं म्हणे!

ओसरी:
परवा इथे कुणीतरी लिहिलं, 'खुली संग्रहालयं म्हणजे पेंढा भरलेली गावं. घरं उपटून आणायची, कुंपणात रोवायची, दाराला दोरी बांधायची. त्यापेक्षा खऱ्या खेड्यात जाऊन या.' त्यावर टाळ्यांचा पाऊस. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

खऱ्या खेड्यात जाऊन बघायला ते घर तिथे उरलंय का? इंग्लंडमधलं 'बेलीफ' नावाचं घर घ्या. पंधराव्या शतकातलं शेतकऱ्याचं घर. केंटमध्ये बाउ बीचचा जलाशय व्हायचा होता म्हणून ते उतरवावं लागलं आणि वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात पुन्हा उभं राहिलं. नॉर्वेतल्या 'गोल' नावाच्या गावानं नवं चर्च बांधायला घेतलं, जुन्या लाकडी चर्चवर कुऱ्हाड येणार होती. १८८४-८५ मध्ये ते ऑस्लोजवळ बिग्दोयला, राजाच्या संग्रहात हलवलं म्हणून आज दिसतं. लोकजीवनाचा संग्राहक हाझेलिउस, त्यानं १८९१ मध्ये स्टॉकहोमला स्कान्सेन हे खुलं संग्रहालय उघडलं तेही खेडी डोळ्यांदेखत बदलत होती म्हणूनच.

आणि 'उपटून' कशाला म्हणता? लाकडी सांगाड्याचं घर जन्मतःच सुटं असतं. सुतार आधी जमिनीवर सांधे जुळवतो, त्यांवर खुणा कोरतो, मग सांगाडा उभा करतो. पाचशे वर्षांनी कुणी त्याच खुणा बघून तो पुन्हा जुळवला, तर बिघडलं काय?

पाचर:
ते 'कुणीतरी' म्हणजे मी. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

गोलचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतं. त्या चर्चचा बाहेरचा अवतार बराचसा नॉर्वेतल्याच बोरगुंडच्या लाकडी चर्चवरून नव्यानं बेतलेला आहे. म्हणजे वाचवलं एक आणि दाखवताय दुसऱ्याची नक्कल.

घर म्हणजे नुसते वासे नव्हेत. जपानमधलं शिराकावा-गो बघा. त्या उतरत्या गवती छपरांखाली लोक अजून राहतात. शाकारणीला अख्खं गाव छपरावर चढायचं, आजही शेजारी हातभार लावतात. आगीची धास्ती म्हणून गावभर पाण्याचे फवारे बसवलेत, दरवर्षी शरदात ते एकदम सोडून बघतात. ही जिवंत वास्तू. तुमच्या संग्रहालयात शाकारणीचं कंत्राट निघतं.

ओसरी:
कंत्राटदार छपरावर चढला की गवत बाटतं का?

सांदीकोपरा:
दोघांनाही अर्धा गुण. माझी तक्रार वेगळीच. ही घरं *थंड* असतात. सगळं जागच्या जागी, भांडी घासलेली, पाळणा रिकामा. चूल पेटलेली नसेल तर ते घर नव्हे, फर्निचरचं दुकान. जपानमधल्या ताकायामाच्या हिदा नो सातो या खुल्या संग्रहालयात मात्र मधल्या चुलाण्यात रोज विस्तव असतो. हौस म्हणून नाही, धुरानं गवत आणि दोर कोरडे राहतात, किडा लागत नाही. आत पाऊल टाकलं आणि आजीच्या घराचा वास आला. मी तिथे चक्क रडले.

धूरकट:
मीही रडलोय. रोज. कारण डोळ्यांत धूर जायचा.

वास म्हणे! आमच्या आढ्याखाली काजळीच्या लोंब्या लटकायच्या. आई पहाटे फुंकणी घेऊन बसायची ती खोकतच उठायची. चाळिशीत ती चार पायऱ्या चढली की भिंत धरायची. डॉक्टरनं विचारलं, 'सिगारेट ओढतात का?' जन्मात विडीला हात न लावलेली बाई. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की घरातल्या धुरानं २०२० या एका वर्षात ३२ लाख माणसं गेली. आणि तुम्ही तिकीट काढून तो हुंगायला जाता.

सांदीकोपरा:
तुमच्या आईबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण मी रोज धुरात राहा असं म्हटलेलं नाही. गवत टिकवायला विस्तव लागतो, एवढंच म्हणतेय.

धूरकट:
गवत टिकलं. माणसं?

पाचर:
अहो, मुद्दा घरं हलवण्याचा होता.

धूरकट:
तुमचा असेल. 'जिवंत वास्तू, जिवंत वास्तू' चाललंय कधीचं. त्या जिवंत वास्तूत राहणाऱ्यांना कुणी विचारलंय का, की बाबांनो पत्रा हवा की गवत? आम्ही चूल पाडली त्या दिवशी आई हसत होती. एक पाहुणे मात्र हळहळले, 'अरेरे, किती छान होती!' दोन दिवसांसाठी आले होते.

पाचर:
हा टोला मला असेल तर सांगतो, माझं लहानपण मातीच्या घरात गेलंय. दर पावसाळ्यात भिंतीचा पापुद्रा निघायचा आणि मी बापाबरोबर लिंपायचो. म्हणूनच ते बोटांचे ठसे दोरीमागून बघवत नाहीत.

ओसरी:
हे आधी लिहिलं असतं तर मी इतकी चिडले नसते. थोडी चिडलेच असते.

@धूरकट, तुमचं म्हणणं रास्त आहे, पण त्याचंही उत्तर संग्रहालयातच मिळतं. बेलीफच्या मुख्य दालनाला धुरांडं नाही, विस्तव मधोमध. तिथे पेटवलेला असताना दहा मिनिटं उभं राहा, ग्रामजीवनाची सगळी कवितागिरी उतरते. आणि वेल्समधल्या सेंट फेगन्सला ऱ्हिडी-कार नावाची सहा कामगार-घरांची रांग आहे. घरं एका साच्याची, पण आतली मांडणी १८०५, १८५५, १८९५, १९२५, १९५५ आणि १९८५ ची. एका टोकाकडून दुसऱ्याकडे चालत गेलं की बायकांचे कष्ट कुठे कमी झाले ते दिसतं. यात पेंढा कुठे आहे?

पाचर:
१९८५ चं घर ठेवलंय? बरं. हे मला माहीत नव्हतं. त्या एका रांगेपुरता शब्द मागे. बाकीच्या दोऱ्या तशाच आहेत.

मुका_श्रोता:
वर्षभर वाचतोय, पहिल्यांदा लिहितो. रोमानियात बुखारेस्टचं ग्रामसंग्रहालय समाजशास्त्रज्ञ गुस्तींनी १९३६ मध्ये उघडलं. १९४० मध्ये सोव्हिएत संघानं घेतलेल्या बेसारेबिया आणि उत्तर बुकोविना या प्रांतांतून निर्वासित आले, तेव्हा त्यांना त्याच प्रदर्शनातल्या घरांत राहायला दिलं. काही वर्षं होते. घरांची नासधूस झाली म्हणतात. मला त्या घरांबद्दल वाचलेलं फक्त तेवढंच लक्षात राहिलंय.

धूरकट:
नासधूस म्हणजे चूल पेटवली असेल.

सांदीकोपरा:
आता तरी हसा हो. आणि हिदाला जाणारच असाल तर दाराजवळ उभे राहा, तिथे धूर कमी असतो.

धूरकट:
मी बाहेर उभा राहून छपराचा फोटो काढीन. आईला दाखवायला. ती म्हणेल, 'पत्रा का नाही घातला?'